होडीच्या तळाला तांब्याचा पत्रा: बार्नेकल रोखायचे, पण लोखंड सांभाळून

पत्र्याचा भाव विचारायच्या आधी एक जोरकस लोहचुंबक मिळवा. जुन्या स्पीकरमधलं चालतं. होडी वर घेतलेली असताना ते तळावरून फळीफळीनं फिरवा, पठाणापासून (तळाचा कणा) पाणरेषेपर्यंत, आणि जिथे ओढ लागेल तिथे खडूनं फुली मारा. लांबीखाली, म्हणजे भोकं-सांधे बुजवायच्या पुट्टीखाली, दडलेले लोखंडी खिळे असे सापडतात. फुल्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील तर ते खिळे काढून जागी तांब्याचे किंवा सिलिकॉन ब्राँझचे घालता येतात. अख्खा तळ फुल्यांनी भरला, तर तांब्याचा विचार सोडा आणि नेहमीचा अँटिफाउलिंग (तळाला जीव चिकटू न देणारा) रंग लावा. गॅल्वनाइज्ड (जस्त चढवलेल्या लोखंडी) खिळ्यांवर उभ्या असलेल्या होड्या आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे काही जणांचं काम इथेच संपेल. संपू द्या, पैसे वाचले.

तळाला चिकटून वाढणारे बार्नेकल रोखण्यात तांबं पटाईत आहे, त्यात वाद नाही. घात होतो तो तांब्याखाली राहून गेलेल्या लोखंडानं. ब्रिटिश आरमारानं हे फार महागात शिकून घेतलं. १७६१ साली त्यांनी 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटला (लढाऊ जहाजाला) तळभर तांबं ठोकलं आणि तिला वेस्ट इंडीजच्या कोमट पाण्यात पाठवलं. परत आल्यावर पाहिलं तर तळ स्वच्छ, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेलेले. काही ठिकाणचं लोखंड मात्र शाबूत होतं. का? पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे काढायचाच राहिला होता. कुणाच्या तरी आळसामुळे तांबं आणि लोखंड यांच्यात एक पडदा राहिला आणि तेवढं लोखंड वाचलं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हा खाकी कागद ध्यानात ठेवा.

तांबं नेमकं काय करतं

तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे घराघरात माहीत असतं. समुद्राच्या पाण्यात तांब्याचं असंच काहीसं होतं, फक्त फार सावकाश. पत्र्यावर आधी लालसर तपकिरी थर चढतो, नंतर हिरवट पुटं येतात, आणि या थरातून तांबं कणाकणानं पाण्यात उतरत राहतं. पत्र्याला लागून असलेला पाण्याचा पातळ पापुद्रा कायम कळकलेला राहतो.

बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा, पण तो कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. लहानपणी तो पाण्यात तरंगत असतो. शेवटच्या अवस्थेतली अळी खाणंपिणं सोडून फक्त जागा शोधते. पुढच्या दोन मिशांवर अक्षरशः चालत पृष्ठभाग चाचपते आणि पसंत पडला तर डोकं खाली करून सिमेंट सोडते. एकदा चिकटल्यावर जन्मभर तिथेच, पाय बाहेर काढून अन्न ओढत बसायचं. म्हणूनच खरवडल्यावरसुद्धा तळावर पांढरी गोल चकती उरते. तांब्यावर आलेल्या अळीला जागा चाचपतानाच विष लागतं आणि तिचा मुक्काम ठरत नाही. (या प्राण्यांवर डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं खर्ची घातली. पत्री घेऊन तासभर तळ खरवडला की त्याच्या चिकाटीबद्दल आदर वाटतो.)

थोडक्यात, तांबं झिजतं म्हणून काम करतं. झिजणं थांबलं की काम थांबलं. हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये याच्या नेमकं उलट करून पाहिलं. तांबं वाया जाऊ नये म्हणून त्यानं पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे लोखंड खपेल आणि तांबं टिकेल. कोचीनमध्ये बांधलेल्या 'समरँग' या जहाजावर हा प्रयोग झाला. रसायन बरोबर होतं, तांबं वाचलं. आणि त्या वाचलेल्या तांब्यावर बार्नेकल, शेवाळ सगळं मजेत वाढलं.

हीच चूक माझ्या होडीवर दोनशे वर्षांनी झाली. इंजिनाचं काम करायला आलेल्या मेकॅनिकनं, मला न विचारता, तांब्याच्या पत्र्याला एक वायर जोडून ती झिंकच्या ठोकळ्याकडे नेली (हा जस्ताचा ठोकळा स्वतः झिजून दुसऱ्या धातूला वाचवतो). "अर्थिंग केलं, आता तांबं खराब होणार नाय." खराब झालंच नाही. दोन महिन्यांनी ओहोटीला होडी कलती केली तर तळ पांढरा, बार्नेकल मसुरीपासून चण्याएवढे, आणि पत्रा खाली नव्यासारखा. वायर कापल्यावर काही आठवड्यांनी नवे बार्नेकल येणं थांबलं. जुने मात्र खरवडूनच काढावे लागले.

कोणत्या होडीला, कोणत्या नाही

तांब्याच्या किंवा ब्राँझच्या खिळ्यांनी बांधलेली, कायम पाण्यात उभी राहणारी लाकडी होडी ही खरी उमेदवार. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो किड्यापासूनही पत्रा वाचवतो, आणि लाकडी तळासाठी तो फायदा बार्नेकलपेक्षा मोठा आहे. बार्नेकल वेग खातो आणि डिझेल वाढवतो. टेरेडो फळीच खातो, तीही आतून, बाहेर टाचणीएवढं भोक ठेवून.

रोज वाळूवर ओढली जाणारी रापणीची होडी असेल तर पत्रा लावू नका. वाळू तो घासून टाकेल, आणि रोज सुकणाऱ्या तळावर बार्नेकल तसाही टिकत नाही. जी होडी अधूनमधून खाडीत वर, गोड्या पाण्यात नेऊन आठवडाभर ठेवता येते तिचंही बरंचसं काम पाणीच करतं. ॲल्युमिनियमच्या बोटीजवळ तांबं फिरकूसुद्धा देऊ नका, ॲल्युमिनियमची चाळण होते. पोलादी बोटीलाही सरळ पत्रा ठोकणं म्हणजे 'अलार्म'चीच गोष्ट पुन्हा. फायबरच्या बोटीचा रस्ता वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी.

कधी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, म्हणून ते दिवस सोयीचे वाटतात. पण भर पावसात तळाचा पृष्ठभाग सुकत नाही आणि डांबर धरत नाही. मी मे महिन्यातलं उधाण धरतो. मोठ्या भरतीला होडी वर घ्यायची आणि पावसाच्या आधी तीन आठवड्यांत काम उरकायचं.

मेच्या उन्हाचा धोका वेगळा. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि तशाच तळावर पत्रा ठोकला तर पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, सांध्यातला कापूस बाहेर ढकलला जातो आणि पत्र्याला पोक येतं. वर सावली करा आणि उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं टाका. हाताला पृष्ठभाग कोरडा लागला पाहिजे, पण सांध्यात नख जाता कामा नये.

किती पत्रा लागेल

पाण्याखालच्या भागाचं ढोबळ गणित असं: पाणरेषेवरची लांबी × (रुंदी + पाण्यात बुडणारी खोली) × ०.७५. साडेआठ मीटर लांब, २.६ मीटर रुंद, ०.८ मीटर खोल बसणारी होडी घेतली तर ८.५ × ३.४ × ०.७५, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर.

जाडी ०.५ ते ०.८ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश जहाजांवर चौरस फुटाला २२, २८ आणि ३२ औंस वजनाचे पत्रे असत, म्हणजे आजच्या मापात पाऊण ते १.१ मिलिमीटर. लहान होडीला एवढा जाड पत्रा वळवता वळवता हात दुखतात. ०.६ चा पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो भरतो. २२ चौरस मीटरला ११९ किलो, त्यात चढ (एका तुकड्यावर दुसरा येतो तो भाग) आणि कातरण यांचे पंधरा टक्के धरा, म्हणजे १३५ ते १४० किलो. एवढ्या वजनानं अशी होडी जेमतेम एक सेंटिमीटर खाली बसते. वजन तळाशी असल्यानं ती थोडी शांतही होते.

पत्रा घेताना "नरम" मागा, शुद्धता ९९.९ टक्के. पितळेचा पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. समुद्रात साध्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबी, बिस्किटासारखा ठिसूळ सांगाडा उरतो. ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असलेला मुंट्झ धातू (१८३२ चं पेटंट) एकोणिसाव्या शतकात जहाजांवर खूप वापरला गेला, पण कोपऱ्यावरच्या दुकानातला पितळी पत्रा म्हणजे मुंट्झ धातू नव्हे. खिसा भारी असेल तर ९० टक्के तांबं, १० टक्के निकेलचा पत्रा घ्या. तो कमी झिजतो, वेग सोसतो आणि बार्नेकललाही बऱ्यापैकी रोखतो. १९७१ मध्ये 'कॉपर मरीनर' ही कोळंबी पकडणारी बोट अख्खीच या मिश्रधातूची बांधली होती. मात्र तो कडक असतो, हाताने वळवताना त्रास देतो.

चुका (छोटे खिळे) तांब्याच्याच, चपट्या डोक्याच्या. लांबी फळीच्या जाडीपेक्षा कमी हवी. ३० मिलिमीटरच्या फळीला २० ची चूक पुरे. वर सांगितलेल्या होडीला चार ते पाच हजार चुका लागतात. आकडा वाचून बसलात तर बरोबर बसलात.

तळाची तयारी

जुना रंग, बार्नेकलच्या चकत्या, डांबर, सगळं लाकडापर्यंत खरवडा. तोंडाला मास्क लावाच, आणि खाली ताडपत्री पसरा. जुन्या तळावर विषारी टिनयुक्त रंगाचे थर असू शकतात. त्या रंगांवरची जागतिक बंदी २००८ मध्ये लागू झाली, त्याआधी ते सर्रास वापरले जायचे. हा भुसा खाडीत गेला तर कालवांच्या खडकांवर जाऊन बसतो. पोत्यात भरा.

प्रत्येक फळी हातोडीनं वाजवून पाहा. भद्द आवाज आला की तिथे चाकूचं टोक खुपसा. ज्या फळीबद्दल शंका आहे ती आत्ताच बदला. पत्रा बसल्यावर ती दिसणार नाही, आणि न दिसणारी फळी कुजली तर होडी समुद्रात असताना कळतं. सांधे कापूस भरून पक्के करा, वर लांबी लावून फळीच्या पातळीला आणा. खिळ्यांची डोकी खोल बसवा, लांबीनं झाका. खाचखळगे राहिले तर पत्रा तिथे पोकळ राहतो, पाण्याच्या थापेनं हलतो आणि तिथेच फाटतो.

आता खाकी कागद. तळावर गरम डांबराचा पातळ हात मारून त्यावर डांबरी फेल्ट चिकटवा. छपरासाठी मिळतो तो दोन-तीन मिलिमीटरचा चालतो. एक तुकडा दुसऱ्यावर चढवू नका, कडेला कड भिडवा, नाहीतर पत्र्यावर उंचवट्याची रेघ उमटते. हा फेल्ट पत्र्याला गादी देतो, पाणी झिरपलं तर धरून ठेवतो आणि फळीतल्या राहिलेल्या एखाद्या लोखंडापासून तांब्याला दूर ठेवतो. शेवटच्या कामावर फार विसंबू नका. चूक फेल्टमधून आरपार जाते, आणि तिचं टोक लोखंडाला टेकलं तर फेल्ट असून नसून सारखा. खडूच्या फुल्या फेल्टवरही पुन्हा काढून घ्या.

ठोकणं

मोठा पत्रा कापून साधारण १२० × ३५ सेंटिमीटरचे तुकडे करा. मोठा तुकडा सपाट भागावर छान बसतो, पण नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) वळणावर त्याला सुरकुती पडते, आणि सुरकुती हातोडीनं चेपली की तिथे चीर पडणार हे ठरलेलं.

सुरुवात मागून आणि खालून. सुकाणूच्या बाजूनं पठाणालगत पहिला तुकडा, मग पुढे सरकत नाळेकडे, आणि एक ओळ झाली की वरची ओळ. पुढचा तुकडा मागच्यावर चढला पाहिजे आणि वरचा खालच्यावर, मंगलोरी कौलं जशी एकावर एक येतात तशी. होडी पुढे जाताना पाणी सांध्यावरून घसरून जातं, सांध्यात घुसत नाही. उलटं केलंत तर पाणी रोज कड उचकटत राहील. चढ तीन-चार सेंटिमीटरचा.

वळणावरच्या तुकड्याचा आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. पत्रा हटवादी वाटला तर गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केल्यानं कडक होतं, तांबं मऊ होतं. तांबट हे रोज करतात. जवळपास एखादा तांबट असेल तर एक दिवसाची मजुरी देऊन त्याला बोलवा. सुकाणूच्या गाभ्याशी पत्रा कसा गोळा करायचा हे त्याच्या हाताला माहीत असतं, लिहून सांगता येत नाही. मऊ केलेला तुकडा लाकडी हातोडीनं, मधून कडेकडे, हलके हलके बसवा. जास्त ठोकलं की तो पुन्हा कडक होतो. मग पुन्हा तापवा.

चुकांसाठी पत्र्यात आधी पोगरानं भोक पाडा. कडेला चार-चार सेंटिमीटरवर, मधल्या भागात दहा-दहावर, एका ओळीआड तिरकं. चढाच्या जागी एकच चूक दोन्ही पत्र्यांतून जाईल अशी घ्या. डोकं पत्र्याच्या पातळीला आलं की थांबा. शेवटचा राग म्हणून जो एक जादा ठोका आपण घालतो, तो पत्रा डोक्याभोवती कापतो.

वर भरल्या होडीच्या पाणरेषेच्या पाच-सात सेंटिमीटर वरपर्यंत पत्रा न्या आणि कड लाकडी पट्टीखाली दाबा. पठाणाच्या तळाला पत्रा गुंडाळून त्याखाली एक बदलता येणारी लाकडी पट्टी ठोका. होडी टेकली तर पट्टी झिजेल, पत्रा नाही.

पत्र्यापासून दूर ठेवायच्या गोष्टी

गॅल्व्हॅनिक गंज, म्हणजे दोन वेगळे धातू जोडले गेले की त्यातला एक कुजतो तो, व्हायला दोन वाटा लागतात: एक पाण्यातून, दुसरी धातूतून. पाण्याची वाट आपल्या हातात नाही. धातूची वाट तोडली की खेळ खलास.

म्हणून पंखा फिरवणारा पोलादी शाफ्ट, त्याची नळी, सुकाणूचे लोखंडी कब्जे, इंजिनाचं पाणी घेणारा व्हॉल्व्ह, या प्रत्येकाभोवती पाच ते दहा सेंटिमीटर जागा पत्र्याशिवाय सोडा आणि तिथे साधा अँटिफाउलिंग रंग लावा. शक्य असेल तर कब्जे ब्राँझचेच करून घ्या. फिश फाइंडरचा सेन्सर उघडा ठेवा. शाफ्टवर किंवा इंजिनाला झिंक असेल तर असू द्या, पण त्याचा पत्र्याशी संबंध नको. बॅटरीच्या निगेटिव्हची वायरही तळाला कुठे टेकता कामा नये.

पाण्यात सोडण्याआधी मल्टिमीटर काढा. एक टोक पत्र्याला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला. मग शाफ्टला, सुकाणूला, प्रत्येक व्हॉल्व्हला. बीप वाजला की थांबा आणि कुठे टेकतंय ते शोधा. माझ्याकडे एकदा वाजला तो व्हॉल्व्हच्या नटाखाली सरकलेल्या पत्र्याच्या नखाएवढ्या कातरणीमुळे.

पाण्यात गेल्यावर

पहिल्या आठवड्यात झळाळी जाईल, तपकिरी रंग येईल. घासून चकचकीत करायचा मोह होतो, देवाची भांडी घासायची सवय असते ना. करू नका. तो थरच काम करतोय आणि प्रत्येक घासणीला तांबं जातं. पातळ बुळबुळीत थर तांब्यावरही येतो. मऊ कापडानं पुसला की निघतो. पत्र्यावर रंग तर मुळीच लावू नका, झाकलेलं तांबं निरुपयोगी.

होडी पाण्यात नुसती उभी राहिली तर सोडलेल्या जागा आणि पंखा यांवर बार्नेकल येणारच. त्या जागा महिन्यातून एकदा पत्रीनं साफ करा. शांत पाण्यात पत्रा वर्षाला साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर झिजतो. ०.६ चा पत्रा त्या हिशेबानं दहा वर्षं सहज काढतो, पण नाळेजवळ आणि पंख्याच्या फवाऱ्यात तो आधी पातळ होतो. दरवर्षी तेवढे तुकडे तपासा आणि गरज पडली तर तेवढेच बदला.

आणि एक, जे कुठल्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात नसतं: पावसाळ्यात बंदरावर शाकारून ठेवलेल्या होडीचा पत्रा चोरीला जातो. भंगारवाल्याकडे तांब्याला कायम गिऱ्हाईक असतं. होडी घराच्या नजरेत ठेवा.

फायबरची बोट

फायबरला पत्रा ठोकत नाहीत. त्यासाठी इपॉक्सीत तांब्याची पूड कालवलेला लेप मिळतो. जुनं ॲंटिफाउलिंग पूर्ण काढा, पृष्ठभाग घासून खरखरीत करा, हवा दमट नसताना एका दिवसात एकावर एक चार-पाच पातळ हात रोलरनं मारा. आधीचा हात चिकट असतानाच पुढचा. तांबं जड असल्यानं डब्यात खाली बसतं, म्हणून एकानं रोलर फिरवायचा आणि दुसऱ्यानं सतत ढवळायचं. इथे सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटच्या पायरीवर: लेप पक्का झाल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका घासावा लागतो, म्हणजे वरची इपॉक्सीची साय निघून तांबं उघडं पडतं. ही पायरी गाळली तर तुम्ही तळाला फक्त महागडं प्लास्टिक लावलंत. पूड इपॉक्सीत सुटी सुटी अडकलेली असल्यानं लोखंडाची भानगड इथे बरीच कमी, तरी ॲल्युमिनियमवर हा लेपही थेट नको.

लाकडी होडीवर पत्रा लावून झाला की एक कातरण जपून ठेवा. दरवर्षी नाळेजवळचा पत्रा कडेला जरासा उचलून व्हर्नियरनं मोजायचा आणि त्या कातरणीशी ताडून पाहायचा. माझी पडवीतल्या खुंटीला टांगलेली आहे. खिळ्यानं त्यावर कोरलंय ०.६, आणि खाली दरवर्षीचा नवा आकडा. यंदाचा ०.४८.